निवासी इमारतींची उंचीमर्यादा

शहराच्या निवासी विभागात इमारत जास्तीत जास्त किती उंच बांधता येईल, हे ठरवणाऱ्या विकास नियंत्रण नियमांतील तरतुदीला उंचीमर्यादा म्हणतात. ती मीटरमध्ये, मजल्यांच्या संख्येत किंवा समोरच्या रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात दिलेली असते.

अशी बंधने फार जुनी आहेत. रोममध्ये घरे वारंवार कोसळत असल्याने सम्राट ऑगस्टसने रस्त्यालगतच्या नव्या इमारतींना ७० फुटांची मर्यादा घातली, तर पॅरिसमध्ये १७८३ च्या राजाज्ञेने इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी जोडली. वॉशिंग्टनमध्ये १८९४ साली १६४ फूट उंचीची ‘कैरो’ ही निवासी इमारत उभी राहिल्यावर शेजाऱ्यांनी विरोध केला, आगीच्या वेळी शिड्या तेवढ्या उंच पोचणार नाहीत ही भीतीही व्यक्त झाली, आणि त्यातून १८९९ चा उंचीविषयक कायदा आला. एकाच शहराच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी मर्यादा ठेवणे वैध आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ मध्ये बॉस्टनच्या प्रकरणात दिला.

अग्निसुरक्षेइतकाच महत्त्वाचा हेतू उजेडाचा आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १२ मीटर उंच इमारतीची सावली सपाट जमिनीवर सुमारे २१ मीटर लांब पडते. म्हणजे मधले अंतर त्याहून कमी असेल, तर सावलीच्या दिशेच्या घराच्या तळमजल्यावर त्या वेळी ऊन पोचत नाही. म्हणूनच जपानमध्ये १९७६ च्या कायदादुरुस्तीपासून केवळ उंचीवर न थांबता, हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी शेजारच्या जमिनीवर किती तास सावली पडू द्यायची, यावरही मर्यादा आहे. हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण शेजाऱ्याचे नुकसान उंचीच्या आकड्याने नव्हे, तर सावलीने होते.

खरा वाद मात्र आकड्यापेक्षा मोजणीवरून होतो. उंची रस्त्याच्या पातळीपासून, जोत्यापासून की भूखंडाच्या सरासरी पातळीपासून मोजायची, हे नियमात स्पष्ट हवे. उतारावरील भूखंडाच्या दोन टोकांत ४ मीटरचा फरक असेल, तर सरासरी पातळीपासून १२ मीटर उंच ठरलेली इमारत खालच्या बाजूने १४ मीटर दिसते; त्यात आधी भराव टाकून जमीन उंचावली, तर मर्यादा कागदावर पाळूनही आणखी उंची मिळते. त्यामुळे काळजीपूर्वक लिहिलेले नियम भरावापूर्वीची नैसर्गिक पातळीच धरतात. वरच्या टोकालाही असाच प्रश्न येतो. पाण्याची टाकी, लिफ्टची मशिनरूम, जिन्यावरील छत आणि गच्चीचा कठडा यांना बहुधा ठरावीक मापापर्यंत सूट असते, तर उतरत्या छपराची उंची कुठे आढ्यापर्यंत, कुठे मध्यापर्यंत धरतात.

उंचीमर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकाबरोबरच, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून अनुज्ञेय बांधकाम क्षेत्र भूखंडाच्या किती पट असू शकते या आकड्याबरोबरच, वाचावी लागते. निर्देशांक २ असेल आणि भूखंडाचा निम्माच भाग झाकण्याची परवानगी असेल, तर तो पूर्ण वापरायला चार मजले लागतात. उंची तीनच मजल्यांची ठेवली, तर दिलेला हक्क कागदावरच राहतो. मर्यादा मीटरमध्ये असल्यास एक मजला वाढवण्यासाठी छत खाली आणण्याचा मोह होतो, म्हणून खोलीच्या किमान उंचीचा नियम सोबत असावा लागतो. मागणी जास्त असलेल्या भागात कडक मर्यादेमुळे घरे कमी बांधली जातात व किमती चढतात, ही अर्थशास्त्रज्ञांची टीका रास्त आहे. पण पाणी, मलनिःसारण आणि रस्ते यांची क्षमता न वाढवता केलेली शिथिलताही रहिवाशांवरच भार टाकते.

नियम लागू होण्यापूर्वी रीतसर बांधलेल्या उंच इमारती साधारणतः तशाच राहू दिल्या जातात, मात्र पुनर्बांधणीच्या वेळी नवी मर्यादा लागू झाली तर वरच्या मजल्यांवरील कुटुंबांना जागा कशी द्यायची, यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते.