नवनियुक्त व्यवस्थापकाचे नेतृत्व

नवनियुक्त व्यवस्थापकाचे नेतृत्व : आजवर स्वतःचे काम स्वतः करणाऱ्या व्यक्तीवर इतरांकडून काम करवून घेण्याची जबाबदारी प्रथमच येते, तेव्हा तिला नव्याने कमवावी लागणारी कौशल्ये. बढती बहुधा कामातल्या हातखंड्याबद्दल मिळते. उत्तम प्रोग्रॅमर टीम लीड होतो, अनुभवी परिचारिका वॉर्डची प्रमुख होते. नव्या पदावर मात्र तो हातखंडा एकटा पुरत नाही. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये व्यवस्थापकाची कौशल्ये तांत्रिक, मानवी व संकल्पनात्मक अशा तीन गटांत मांडली आणि पद वर जाईल तसा तांत्रिक कौशल्याचा वाटा घटतो, हे दाखवले. गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या उपक्रमात आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या पहिल्या आठ गुणांच्या यादीत ‘चांगला मार्गदर्शक असणे’ सर्वांत वर आणि तांत्रिक कौशल्य सर्वांत खाली होते.

पहिले आठवडे : पहिल्या पंधरवड्यात टीममधल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे अर्धा तास बोलावे आणि सर्वांना तेच चार प्रश्न विचारावेत : सध्या हातात काय आहे, काम कुठे अडते, काय अजिबात बदलू नये, माझ्याकडून काय हवे. प्रश्न सारखे असले की उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतात. यातला तिसरा प्रश्न नवे व्यवस्थापक सहसा विचारत नाहीत, आणि रुजू होताच केलेले बदल नेमके तिथेच अंगाशी येतात. एखादा तक्ता निरुपयोगी म्हणून बंद केला जातो आणि हिशेब विभाग महिनाअखेर त्याच्यावरच अवलंबून होता, हे नंतर कळते.

आपल्या वरिष्ठांकडूनही दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. तीन महिन्यांनी काम बरे चालले आहे, हे ते कशावरून ठरवणार? आणि रजा, खर्च, मुदतवाढ, नेमणूक यांपैकी कोणते निर्णय आपण परस्पर घ्यायचे, कोणते विचारून?

कालपर्यंतचे सहकारी आज हाताखाली आले असतील, तर मैत्री तोडण्याची गरज नसते. पण वरिष्ठांविषयीची गाऱ्हाणी चालतात त्या ग्रुपमधून सांगून बाहेर पडावे. त्याच पदाची आशा धरून असलेला सहकारी टीममध्ये असेल, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी एकांतात बोलणे अत्यावश्यक. ‘तुम्हीही या जागेसाठी इच्छुक होतात, हे मला ठाऊक आहे’ असे सरळ म्हणावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पुढच्या बढतीचे आश्वासन देऊ नये, ते आपल्या हातात नसते.

काम सोपविणे : नव्या व्यवस्थापकाची खरी कसोटी इथे लागते. ‘ग्राहकांच्या तक्रारींचा अहवाल शुक्रवारपर्यंत द्या’ एवढेच सांगितले, तर शुक्रवारी संध्याकाळी वीस पानांचे तक्ते हातात पडतात. हवी असतात दोन पाने. मग व्यवस्थापक शनिवारी बसून स्वतःच ती लिहून काढतात आणि ‘यांना काही जमत नाही’ असे मनात धरतात. चूक सांगण्यात झालेली असते. तेच काम नीट सोपवले तर असे ऐकू येते : ‘मागच्या तिमाहीतल्या तक्रारींची तीन मुख्य कारणे आणि प्रत्येकावर एक उपाय, दोन पानांत हवेत. वाचणार आहेत संचालक, त्यामुळे तांत्रिक तपशील नको. आकडे तक्रार विभागाकडून थेट मागवा, मी त्यांना कळवून ठेवतो. कारणांचा क्रम तुम्ही ठरवा. बुधवारी दुपारी फक्त आराखडा दाखवा.’ यात कामाचे अंतिम रूप, वाचक, माहितीचे ठिकाण, अधिकार आणि मधला टप्पा हे सारे आले. शेवटी समोरच्याला ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. गैरसमज असेल तर तो तिथेच उघड होतो. बुधवारच्या भेटीला दहा मिनिटे लागतात, पण दिशा चुकली असेल तर ती सुधारायला अजून दोन दिवस असतात.

देखरेख किती ठेवायची, हे माणसाच्या ज्येष्ठतेवरून ठरवू नये. ते त्या विशिष्ट कामातल्या त्याच्या तयारीवरून ठरते. अमेरिकी अभ्यासक पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या प्रसंगानुरूप नेतृत्वाच्या विचाराचा गाभा हाच आहे. दहा वर्षांचा मुरलेला हिशेबनीससुद्धा नव्या सॉफ्टवेअरपुढे नवखाच असतो. त्याला तिथे पायरीपायरीने दाखवावे लागते, तर त्याच्या ताळेबंदात व्यवस्थापक डोकावले की त्याला तो अविश्वास वाटतो.

सोपवलेले काम परत येते ते फार साध्या वाक्यातून. ‘मॅडम, हे जरा बघता का?’ ‘ठेवा, बघते.’ संपले, कागद आता मॅडमच्या टेबलावर आणि विचारणारा मोकळा. अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार विल्यम ऑन्कन व डोनाल्ड वास यांनी १९७४ मध्ये अशा परतलेल्या कामाला एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर उडी मारणाऱ्या माकडाची उपमा दिली. यावर ‘तुम्हाला काय करावेसे वाटते? दोन पर्याय घेऊन चार वाजता या’ हे उत्तर पुरते. चार वाजता निर्णय व्हावा आणि कागद आला त्याच हातात परत जावा.

अभिप्राय : ‘तुम्ही बेफिकीर आहात’ हा स्वभावावरचा शेरा झाला, त्यावर फक्त वाद होतो. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने रूढ केलेली प्रसंग–वर्तन–परिणाम ही मांडणी अधिक उपयोगी पडते : ‘कालच्या बैठकीत ग्राहक बोलत असताना तुम्ही दोनदा त्यांना तोडलेत. त्यानंतर त्यांनी दराचा विषय काढलाच नाही.’ एवढे सांगून थांबावे. ही शांतता नव्या व्यवस्थापकाला जड जाते आणि तो स्वतःच सारवासारव करू लागतो. तो मोह आवरावा. चूक एकांतात आणि एक-दोन दिवसांत सांगावी, वार्षिक मूल्यमापनापर्यंत साठवू नये. दोन स्तुतींच्या मधे टीका घालण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ती टाळलेली बरी. काहींना त्यातली स्तुतीच तेवढी ऐकू येते, आणि काही जण पुढे खऱ्या स्तुतीवरही विश्वास ठेवत नाहीत.

वाईट बातमीवरची पहिली प्रतिक्रिया टीम कायम लक्षात ठेवते. अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात टीममधील मानसिक सुरक्षिततेचा संबंध शिकण्याशी जोडला : चूक कबूल केल्याने अपमान होणार नाही, असे वाटले तरच लोक ती वेळेवर सांगतात. म्हणून ‘कोणी केले?’ याआधी ‘केव्हा लक्षात आले आणि आता काय वाचवता येईल?’ हे विचारावे.

नियमित भेट : प्रत्येकाशी दर आठवड्याला अर्धा तास. सात जणांच्या टीमला साडेतीन तास लागतात आणि ते कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवावे लागतात. या भेटीचे विषय समोरच्याने आणायचे असतात, कामाचा नुसता आढावा लेखी घेता येतो. घाईच्या आठवड्यात ही भेट सर्वांत आधी रद्द होते आणि अडचणीही नेमक्या त्याच आठवड्यात दबून राहतात. वेळ बदलावी, भेट गाळू नये.

किती सोपवले गेले आहे, हे व्यवस्थापक चार दिवस रजेवर गेले की दिसते. परतल्यावर जे निर्णय त्यांच्यासाठी अडून राहिलेले असतात, त्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे तो यापुढे कोण घेईल, त्याचे नाव लिहावे.