कराटेच्या बेल्ट परीक्षेला उपाशी जावे का?

कराटेच्या बेल्ट परीक्षेला रिकाम्या पोटी गेले की अंग हलके राहते, हा समज वर्गावर्गांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यात तथ्य एवढेच, की भरल्या पोटी कुमिते (प्रतिस्पर्ध्याशी लढत) खेळल्यास मळमळू शकते. परंतु त्यावरचा उपाय उपवास नसून खाण्याची वेळ सांभाळणे हा आहे. रात्रभराच्या झोपेत यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बराचसा खर्ची पडतो. स्नायूंमधला साठा शिल्लक असला, तरी स्नायू तो स्वतःपुरताच वापरतात, रक्तात सोडत नाहीत, आणि त्यामुळे किहोन (मूलभूत तंत्रे) व काता (हालचालींचा ठरलेला क्रम) आटोपून कुमितेची पाळी येईपर्यंत उपाशी विद्यार्थ्याला भोवळ येणे किंवा पाठ असलेल्या कातातही चुका होणे असे प्रकार घडू शकतात. परीक्षेच्या दोन-तीन तास आधी पोहे, इडली किंवा मऊ भात खावा. तेल बेताचेच असावे, कारण स्निग्ध पदार्थ जठरातून उशिरा पुढे सरकतात (मिसळ निकालानंतर खाल्लेली बरी). 60 किलो वजनाच्या व्यक्तीला या वेळी साधारण 60 ते 120 ग्रॅम कर्बोदके पुरतात. आयत्या वेळी भूक लागलीच, तर अर्धे केळे आणि घोटघोट पाणी घ्यावे.