करडीची ओळ

मिरजेत अँजिओप्लास्टी करून मेहुणे घरी आले, तेव्हा औषधांच्या पिशवीत आहाराचा एक छापील कागद होता. दोन्ही वेळा भाजी भरपूर, पालेभाजी रोज. डालडा आणि बेकरीचे पदार्थ बंद. तेल मोजून वापरा, एकच एक वापरू नका. जवस, तीळ, शेंगदाणे थोडे थोडे पोटात जाऊ द्या. मेहुण्यांच्या आई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाल्या, "ही तर आमची रानातली भाकरी. ह्याला डाक्टर कशाला पायजे?"

मावशींचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं त्या सोयीनं विसरल्यात. हा कागद आपल्या ताटातून कुठून कुठं फिरून परत आला, हे बघायचं तर दोन्ही निम्मं सांगावं लागेल.

मावशींचं माहेर जत तालुक्यातलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव हा सगळा परतीच्या पावसावरचा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा पट्टा. शाळू एकटा पेरायची रीत नव्हती. शाळूच्या आठ-दहा काकऱ्या, म्हणजे ओळी, झाल्या की दोन-तीन करडीच्या, आणि रस्त्याकडच्या बांधाला तर करडी हवीच. मोठी झाली की तिला असे काटे येतात की गुरं तोंड घालत नाहीत. फुकटचं कुंपण. करडीचं सोटमूळ खोल जातं, वरची ओल संपली तरी ती तग धरते. शाळू बसला तरी करडी काहीतरी देऊन जायची.

पेरून तीन-चार आठवडे झाले की विरळणी. दाट उगवलेली रोपं उपटायची, कारण दोन झाडांत हातभर नसलं तरी वीतभर अंतर लागतं. ही उपटलेली रोपं म्हणजेच करडीची भाजी. काटे अजून धरलेले नसतात, पान लुसलुशीत असतं. मुठीत धरून बारीक चिरायची, मूगडाळ नाहीतर ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणीची फोडणी. उरलेली झाडं फाल्गुनापर्यंत वाळून खडखडीत होतात. मग पहाटे, दवानं काटे जरा नरम असतात तेवढ्या वेळात, हातापायांना चिंध्या बांधून काढणी. बी घाण्यावर जायचं, तेल घरी यायचं, पेंड म्हशीला. म्हणजे भाजी आणि तिची फोडणी एकाच झाडाची. ताटात भाजी आणि चांगलं तेल कसं वाढवावं असं आज जे विचारलं जातं, त्याचा माग मला याच ओळीत सापडतो. कारण ती ओळ मोडली तेव्हा दोन्ही बरोबरच गेलं.

बाकीची पालेभाजी तर पेरलेलीही नसायची. भांगलायला गेलेल्या बायका खुरप्यानं जे तण काढायच्या, त्यातलं निवडक ओच्यात घेऊन यायच्या. चिघळ, तांदुळजा, कुंजर, पाथरी, चाकवत. पाथरीला तर चूलही लागत नाही, भाकरीबरोबर कच्चीच खायची. थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून खुडणाऱ्याला मालक ओरडत नाही. निम्मी भाजी ओली खायची, निम्मी सावलीत वाळवून मडक्यात. बांधावर अंबाडी. ती शिजवून ताटात घेतली की मधोमध आळं करायचं आणि त्यात लसूण तळलेलं तेल ओतायचं. आहारशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हिरव्या पानांतलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला सोबत थोडी चरबी लागते. आपल्याकडं प्रत्येक पालेभाजीत मूठभर शेंगदाण्याचं कूट पडतं, त्याचं समर्थन याहून चांगलं मिळणार नाही. जवसाचंही तसंच. त्यात ओमेगा-३ जातीचं स्निग्ध आम्ल भरपूर, पण ते हवेशी लवकर बिघडतं. काढलेलं तेल फार टिकत नाही, खवट होतं. अख्खं बी मात्र टिकतं. म्हणून जवस भाजून, कुटून, चटणी.

आता उरलेलं निम्मं. तेल कमी खायचे कारण तेल नव्हतं. घाण्यावरून आणलेलं तेल बुधलीत, बुधली फळीवर, आणि फोडणीला पळीचं टोक बुडेल इतकं. तळण सणाला. पालेभाजी पण चार महिन्यांची. चैत्र-वैशाखात रान उन्हानं भाजलेलं असताना भाजी कुठली? झुणका, सांडगे, हुलग्याचं माडगं, आणि नुसती चटणी. मावशींच्या लहानपणी उन्हाळाभर लिंबाएवढंही हिरवं तोंडात गेलं नाही, हे त्यांनीच एकदा सांगितलंय. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांनी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि रोजगाराच्या कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ खाल्ला. तेव्हा जुनं ताट म्हणजे सोन्याचं ताट, असं म्हणणाऱ्यानं कॅलेंडर उलटून बघावं. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी आपल्याला आठवते: घेवडा, पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, तिळाचं कूट, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती आठवते कारण वर्षातला तो सगळ्यात भरलेला दिवस होता.

शेंगदाणासुद्धा काही आपला आदिपुरुष नव्हे. मिरची, बटाटा, टोमॅटो, कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा यांच्यासारखाच तो मूळचा अमेरिका खंडातला. पण साताऱ्याच्या मुरमाड माळानं त्याला असं पोटाशी धरलं की त्याच्या तेलाचं नावच 'गोडेतेल' पडलं. 'कराड ४-११' ही वेलासारखी पसरणारी जात तर गावाचं नाव लावूनच हिंडली. शेंग ओली उकडून, भाजून, कुटून, गूळ घालून अशी घरात दहा वाटांनी खाल्ली जायची, आणि उरली तर घाण्यावर.

याच शेंगतेलाचा पहिला मोठा अवतार म्हणजे डालडा. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची युक्ती जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. १९३७ साली डालडा भारतात बाजारात आला, आणि पुढची कित्येक वर्षं तो मुख्यतः शेंगदाण्याच्या तेलापासून होत असे. त्यात ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सरकारी सक्ती होती, चवीसाठी नव्हे. तुपात भेसळ केली तर प्रयोगशाळेत तीळ ओळखू यावा म्हणून. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की तळाला भोक पाडून त्यात तुळस. लग्नाच्या जेवणात डालड्याची जिलबी म्हणजे ऐपत. या घट्ट करण्यात तेलात ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवून वर चांगलं कमीही करतं, हे १९९०च्या एका डच अभ्यासानं ठळकपणे दाखवलं. आपल्याकडं तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२१ला ३ टक्क्यांची आणि २०२२ला २ टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे तुळशीचे डबे गंजून गेल्यावर.

तिकडं रान बदलत होतं. १९४९ला साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली झालं, आणि त्याच काळात कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. कोयनेचं पाणी, उपसा योजना, पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभू. पाणी आलं ते चांगलंच झालं. हंडा घेऊन दोन मैल चालणाऱ्या बाईला शाळू-करडीचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. पण उसात ओळीनं करडी येत नाही. उसात तण नको म्हणून २,४-डी आणि ॲट्राझीन आलं. ही औषधं रुंद पानाचं तण मारतात. चिघळ, तांदुळजा, कुंजर, चाकवत सगळे रुंद पानाचेच. भांगलण संपली तशी ओच्यातली भाजीही संपली. आता तीच चाकवताची जुडी आठवडी बाजारात पैसे मोजून घ्यायची, आणि घरात चार माणसं असतील तर एका जुडीत भागत नाही. शिजली की मूठभर.

कोरडवाहू खरिपात भुईमुगाची जागा सोयाबीननं घेतली. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या 'फुले संगम', 'फुले किमया' या जातींनी इथल्या शेतकऱ्याला पैसा दिला. फरक एवढाच की शेंग घरात खाल्ली जायची, सोयाबीन थेट वजनकाट्यावर जातं. तेल म्हणून ते परत येतं ते पिशवीतून. मजुरीही महाग झाली, आणि करडीच्या काट्यात हात घालायला आता कोणी राजी नाही. यावर साताऱ्यातच उत्तर शोधलं गेलं. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडीवर वर्षानुवर्षं काम करून बिनकाट्याच्या जाती काढल्या. काटा गेला. कुंपणही गेलं, पण ते बघायला गुरं तरी कुठं राहिलीत.

गंमत म्हणजे रानातून करडी हटत होती त्याच सुमारास शहरात तिला हृदयाचं तेल म्हणून मान मिळत होता. तिच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल (एक असंपृक्त स्निग्ध आम्ल) असतं आणि त्यानं कोलेस्टेरॉल उतरतं, त्यामुळं १९६०-७०च्या दशकांत जगभर तिचा बोलबाला झाला. 'सफोला' हे नावही करडीच्या 'सॅफ्लॉवर' या इंग्रजी नावावरूनच पडलंय. पण सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. काहींना प्राण्यांच्या चरबीऐवजी करडीचं तेल आणि त्याचंच मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा घट्ट पदार्थ) दिलं होतं. २०१३ला ती जुनी आकडेवारी पुन्हा उपसली तेव्हा करडीवाल्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्यावर वाद झाले, अजून होतात. असंपृक्त तेलं बरी हा सल्ला त्यानं मागं घेतला गेलेला नाही. पण एकाच तेलाची, एकाच आम्लाची भर करत जाणं शहाणपणाचं नाही, हे त्यातून अधोरेखित झालं. मेहुण्यांच्या कागदावर 'एकच एक वापरू नका' लिहिलंय त्याच्या मागं असल्या वादांचा मोठा वाटा आहे. आणि करडी जतमध्ये कधी एकटी खाल्ली जातच नव्हती. सोबत जवसाची चटणी, शेंगेचं कूट, तीळ होतेच.

तेलबियांचं उत्पादन वाढावं म्हणून १९८६ला केंद्रानं तंत्रज्ञान अभियान काढलं आणि काही वर्षं ते जोरात चाललंही. १९९४पासून पामतेलाची आयात खुली झाली आणि घाण्यावाल्यांचं कंबरडं मोडलं. रेशनचं पामतेल तर त्याआधीपासून माहीत होतंच, दिवाळीच्या रांगेतलं. आज देश आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारनं १०० रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, डाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. पामतेलात संपृक्त चरबी निम्म्याच्या घरात असते, ते पातळ करून केलेल्या पामोलीनमध्ये त्याहून थोडी कमी. पण माझ्या मते खरा फरक जातीचा नाही, धारेचा आहे. तेल स्वस्त झालं आणि बुधली जाऊन कॅन आला. पळीचं टोक बुडायचं तिथं आता कॅन वाकडा होतो. घरचं भडंगसुद्धा हाताला तेल सुटेपर्यंत परततो आपण.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ला नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळं. वरून घातलेलं तेल-तूप २७ ग्रॅम. मी घरी हिशेब केला. चार माणसांना महिन्याला सव्वातीन किलो तेल. म्हणजे १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. आमचा अडीच महिन्यांत तळाला जातो. भाजीचा हिशेब उलटा: रोजची १६०० ग्रॅम लागते, आणि आम्ही आठवड्याच्या बाजाराला एक पिशवी नेतो.

हमरस्त्यावर कराडपासून सांगलीपर्यंत आता लाकडी घाण्यांच्या पाट्या पुन्हा लागल्यात. तेल वासाचं, चवीचं मिळतं, हे मान्य. पण घाण्याचं असलं तरी एका ग्रॅमला नऊच कॅलरी. गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजतं आणि शुद्ध आहे म्हणून दुप्पट ओततं, हेही मी पाहिलंय.

मेहुण्यांच्या पोरानं या रब्बीत दहा गुंठे शाळू केला आणि आजीच्या नादानं त्यात करडीच्या तीन ओळी टाकल्या. बी काट्याचंच आणलं, बिनकाट्याचं मावशींना चालेना. विरळणीच्या दिवशी त्यांनी बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून घेतली आणि कुठलं रोप उपटायचं ते काठीनं दाखवत राहिल्या. संध्याकाळी पिशवी भरून भाजी आली. निवडता निवडता ती पिशवी एवढीशी झाली. कढई तापली तेव्हा मेहुणे कागदात लिहिल्याप्रमाणं तेल मोजायला चहाचा चमचा शोधत होते. मावशींनी मागच्या फळीकडं हात केला. "पळी हाय की तिथं. टोक बुडव निस्तं."