मोबाइल आपत्ती-इशारा चाचणी : कोकण किनाऱ्यावरील पूर्वतयारी

वादळ, पूर, दरड किंवा त्सुनामीचा इशारा एखाद्या भागातील सगळ्या मोबाइलवर एकदम पोहोचतो का, हे तपासण्यासाठी सरकार नमुना संदेश पाठवते. त्याआधी गावात करायची ही तयारी. भारतातील ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केली असून दूरसंचार विभाग व राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तिच्या चाचण्या घेतात. 20 जुलै 2023 रोजी देशभर अनेकांचे फोन असेच अचानक मोठ्याने वाजले. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. अशा दिवसांत आवाज कसला, हे लोकांना आधी ठाऊक असायलाच हवे.

हा संदेश कोणाच्या नंबरवर जात नाही. ठरावीक टॉवरच्या टप्प्यातला प्रत्येक चालू फोन तो पकडतो, म्हणून गणपतीला आलेल्या चाकरमान्यालाही तो मिळतो आणि फोनांची गर्दी झाली तरी अडत नाही. मात्र फोन बंद किंवा फ्लाइट मोडवर असेल, तर काहीच येत नाही. संदेशाच्या एका पानात इंग्रजीची 93 अक्षरे मावतात, देवनागरीची निम्म्याहूनही कमी. म्हणून ‘खाडीकाठ सोडा, सड्यावर (उंचावरच्या पठारावर) जा’ हे पहिल्याच ओळीत यावे.

तयारीतले मुख्य काम माणसांचे आहे. चाचणीची तारीख-वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर, मच्छीमार सोसायटीत, देवळातल्या आणि मशिदीतल्या लाऊडस्पीकरवरून सांगावी. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ उघडून ‘टेस्ट अलर्ट’ चालू आहे का पाहावे. पुष्कळ फोनांत ते मुळात बंदच असते. हे आजीआजोबांच्या फोनवर घरातल्या मुलांनी करून द्यावे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी बरेच असतात. त्यांना मराठी मजकूर वाचता येईलच असे नाही, तेव्हा तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, तो आधीच समजावून ठेवावा. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा ही कामे सोपी जातात. पण त्या काळातल्या चाचणीवरून समुद्रातले काही कळत नाही. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या बोटीला रेंजच नसते. तिथे व्हीएचएफ हा बिनतारी संच लागतो.

यंत्रणेची खरी अडचण चांगल्या हवेत दिसत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत वीज कित्येक दिवस नव्हती आणि मोबाइलही मुके झाले. जुलै 2021 मध्ये चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले तेव्हाही संपर्क तुटला होता. टॉवरची बॅटरी संपली की इशाराही थांबतो. म्हणून चाचणीनंतर कोणत्या वाडीत संदेश वाजला, कुठे उशिरा आला, कुठे आलाच नाही, याची नोंद करून तहसील कार्यालयाला कळवावी. न वाजलेल्या वाडीसाठी भोंगा, दवंडी आणि घरोघरी जाणारी माणसे पावसाळ्याआधीच नेमलेली असावीत.