विषाणू गेला, मग कोलेस्टेरॉल का वाढलं?

हिपॅटायटिस सीचा उपचार संपला. त्यानंतर १२ आठवड्यांनी रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी ‘बरे झालात’ म्हणून सांगितलं. आणि मग रिपोर्टच्या पुढच्या पानावर नजर जाते. समजा, आधी ७५ असलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आता ११० झालंय. गोळ्यांनीच वाढवलं, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र आधीच्या ७५बद्दलच बोलायचंय. तो आकडा चांगला दिसत होता, पण खरा नव्हता.

आपलं यकृत दिवसरात्र चरबीची गाठोडी बांधून रक्तात सोडत असतं. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल, सगळ्याला बांधून ठेवणारं एपो-बी नावाचं प्रथिन. हे व्हीएलडीएल. वाटेत माल उतरवत गेलं की त्याचंच पुढे एलडीएल होतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू नेमका याच कामात शिरतो. त्याचं एक प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर जाऊन बसतं आणि तिथे नवे विषाणू जुळू लागतात. बाहेर पडताना ते हीच चरबी पांघरून निघतात, इतकी की रक्तातला विषाणू आणि यकृताचं गाठोडं वेगळं ओळखणं कठीण जातं. गाठोड्यात चरबी भरणारं विकरही त्याच्यामुळे मंदावतं. मग माल यकृतातच साचतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. भारतात जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप ३ या विषाणूच्या प्रकारात तर यकृतात चरबी साचणं सर्वांत ठळक दिसतं.

या कमी आकड्याने हृदयाचं रक्षण होतं म्हणावं, तर तेही नाही. वर्षानुवर्षांचा दाह आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर यांमुळे या रुग्णांत रक्तवाहिन्या खराब होण्याचा धोका उलट जास्तच असतो.

हा विषाणू घालवणाऱ्या सोफोसबुवीरसारख्या गोळ्या २०१३ पासून आल्या. आपल्याकडे २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हा उपचार मोफत मिळतो. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल चढू लागतं, कारण यकृताची अडवलेली वाट मोकळी होते. म्हणून बरं झाल्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुन्हा करून घ्या आणि हृदयाचा धोका त्या नव्या आकड्यावरून ठरू द्या. कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू असेल तर उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. काही स्टॅटिन या औषधांबरोबर चालत नाहीत.

हिपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी. तो विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो ते पित्ताम्ल आत घेणाऱ्या दारातून. हे दार २०१२ मध्ये सापडलं. तिथे लिपिडचा प्रश्न बहुधा औषधाशी जोडलेला असतो. हिपॅटायटिस बीवरच्या टेनोफोविर या औषधाचा जुना प्रकार, टीडीएफ, कोलेस्टेरॉल थोडं खाली ठेवतो. मूत्रपिंड आणि हाडं जपण्यासाठी त्याऐवजी टीएएफ हा नवा प्रकार दिला की कोलेस्टेरॉल वर येतं. गोळी बदलली असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा.