इफ्ता

इस्लामी परंपरेत एखाद्याने विचारलेल्या धार्मिक वा नैतिक प्रश्नाला जाणत्या विद्वानाने शास्त्राधारे मत देणे, याला इफ्ता म्हणतात. दिलेले मत म्हणजे फतवा, देणारा मुफ्ती, विचारणारा मुस्तफ्ती आणि लेखी प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता. काझी (न्यायाधीश) दोन्ही पक्ष ऐकतो, साक्षीपुरावा तपासतो, आणि त्याचा निकाल पक्षकारांवर बंधनकारक असतो. मुफ्तीपुढे एकच बाजू येते, बहुधा कागदावर. लिहिलेले खरे धरून तो उत्तर देतो. ‘वस्तुस्थिती प्रश्नात सांगितल्याप्रमाणे असेल तर’ ही अट फतव्यात लिहिलेली असो वा नसो, गृहीत असतेच. म्हणून प्रश्न बाजूला काढून नुसते उत्तर वाचणे म्हणजे अर्धा कागद वाचणे होय.

प्रश्नाची मांडणी. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात इस्तंबूलच्या शेखुल-इस्लामच्या (साम्राज्याच्या प्रमुख मुफ्तीच्या) कचेरीत प्रश्न तयार करण्यासाठी वेगळे कारकून असत. गावचा माणूस आपली हकिगत सांगे. कारकून त्यातला पाल्हाळ काढून मुद्द्याची ओळ तेवढी ठेवी. खऱ्या नावांऐवजी झैद, अम्र, हिंद अशी ठरीव नावे घातली जात, म्हणजे मुफ्तीला माणूस दिसू नये, बाब दिसावी. प्रश्न इतका नेमका होई की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उरे. सोळाव्या शतकातले शेखुल-इस्लाम एबुस्सूद यांनी ही पद्धत पक्की बसवली. फतव्याचे खरे श्रम असे प्रश्न घडवण्यातच खर्च होत.

प्रश्नातला एक शब्द गळला तर काय होते, हे वारसाहक्काच्या फतव्यात उघड दिसते. क्रम ठरलेला आहे: मृताच्या मालमत्तेतून आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्रातील देणगी (फार तर उरलेल्याच्या एक तृतीयांशाइतकी), आणि त्यानंतर वाटणी. समजा, मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. पत्नीला एक अष्टमांश, आणि बाकी मुलाला दोन वाटे, मुलीला एक वाटा या प्रमाणात. हिशेब ३२ भागांत बसतो: पत्नी ४, मुलगा १४, प्रत्येक मुलगी ७. आता मृताची आई हयात आहे हे विचारणाऱ्याने लिहिलेच नव्हते असे निघाले, तर आईचा एक षष्ठांश आधी काढावा लागतो आणि सगळा हिशेब ९६ भागांवर जातो: पत्नी १२, आई १६, मुलगा ३४, प्रत्येक मुलगी १७. पहिला फतवा शास्त्रदृष्ट्या अचूक होता, तरी त्यावरून केलेली वाटणी अन्यायाची ठरते. पत्नीचा न दिलेला मेहर (विवाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम) हे कर्जच असते आणि ते वाटणीआधी फेडायचे असते. हेही प्रश्नात वारंवार राहून जाते. अनुभवी मुफ्ती अशा कागदावर उत्तर लिहीत नाही. आई-वडील हयात आहेत का, मेहर दिला का, मृत्युपत्र आहे का, हे आधी विचारून घेतो.

लेखनाचे नियम. मुफ्तीच्या आचारधर्मावर स्वतंत्र ग्रंथ आहेत. तेराव्या शतकातले सीरियातील शाफई मजहबाचे (धर्मशास्त्राच्या एका पंथाचे) विद्वान इब्न अस-सलाह व नववी यांनी दिलेले नियम अगदी व्यवहारी आहेत. राग, भूक, तहान, झोप, अतिदुःख किंवा अतिहर्ष अशा अवस्थेत फतवा देऊ नये. प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा, कारण सगळा निकाल पुष्कळदा त्या शब्दावर फिरतो. उत्तर त्याच कागदावर, प्रश्नाला लागून लिहावे. प्रश्नाच्या ओळींत किंवा शेवटी कोरी जागा दिसली तर रेघ मारून ती बंद करावी. नाहीतर फतवा मिळाल्यावर तिथे चार शब्द घुसवून मुफ्तीला चुकीचे ठरवता येते. अक्षर फार बारीक वा फार मोठे नसावे आणि ते सहसा बदलू नये, म्हणजे बनावट उत्तर ओळखता येते. जवळ जाणकार बसलेले असतील तर त्यांना प्रश्न वाचून दाखवावा. शेवटी ‘अल्लाहु आलम’ (अल्लाहच अधिक जाणतो) लिहून सही करावी. ‘मला माहीत नाही’ हेही मान्य उत्तर आहे. इमाम मालिक यांनी ४८ पैकी ३२ प्रश्नांना हेच उत्तर दिल्याची परंपरा प्रसिद्ध आहे, आणि नवशिक्या मुफ्तीला ती आवर्जून सांगितली जाते.

मजहब. सुन्नी परंपरेत मुफ्ती साधारणपणे विचारणाऱ्याच्या मजहबानुसार (हनफी, शाफई, मालिकी अशा पंथानुसार) उत्तर देतो. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई, तर महाराष्ट्राच्या देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी. शाफई मतानुसार समुद्रातले बहुतेक सर्व जीव हलाल आहेत, तेव्हा रत्नागिरीच्या माणसाला कोळंबी वा खेकड्याबद्दल शंकाच पडत नाही. हनफी मतात जलचरांपैकी फक्त मासा हलाल. खेकडा त्यामुळे बाद होतो, आणि कोळंबीला मासा मानायचे की नाही यावर हनफी मुफ्तींमध्ये आजही दोन मते आहेत. एकाच बाजारातल्या एकाच टोपलीबद्दल दोन फतवे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

मजहबाची चौकट अडचणीची ठरली तर ती ओलांडण्याचीही रीत आहे, पण त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. हनफी मतानुसार बेपत्ता पतीच्या पत्नीने त्याचे समवयस्क मरेपर्यंत थांबायचे. अनेक फकीह (धर्मशास्त्रज्ञ) यासाठी पतीचे वय ९० वर्षे होईपर्यंतची मुदत धरत. ब्रिटिश अमदानीत पंजाबातल्या काही स्त्रियांनी अशा विवाहातून सुटण्यासाठी धर्मच सोडला, कारण धर्मत्यागाने विवाह मोडतो असे कोर्टे मानत. ठाणाभवनचे मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. मदिनेतल्या मालिकी मुफ्तींना पत्रे लिहून त्यांची उत्तरे मिळवली आणि प्रकरण काझीपुढे गेल्यापासून चार वर्षांच्या मुदतीचे मालिकी मत हनफींसाठी स्वीकारले. धर्मत्यागाने विवाह मोडत नाही, असेही त्यांनी ठरवले. चार वर्षांची मुदत आणि धर्मत्यागाचा नियम, या दोन्ही गोष्टी १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यात आल्या. निकाल मुस्लीम न्यायाधीशानेच द्यावा ही अट मात्र कायद्यात आली नाही, आणि उलेमांची नाराजी तिथेच राहिली. स्त्रीची कोंडी समोर ठेवून परंपरेच्या आतूनच वाट काढल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

प्रकाशन. हाती दिलेला फतवा एका माणसासाठी असतो. छापला की तो सर्वांसाठी होतो. कैरोच्या ‘अल-मनार’ या १८९८ साली सुरू झालेल्या नियतकालिकाने १९०३ पासून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालहून आलेल्या तीन प्रश्नांवर (हॅट घालणे, ख्रिस्ती लोकांनी मारलेल्या जनावराचे मांस खाणे, हनफी इमामामागे शाफईने नमाज पढणे) इजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनी होकारार्थी मते दिली आणि मोठा वाद पेटला. ट्रान्सवालमधल्या अल्पसंख्य मुसलमानांची गरज काय होती, हे कैरोतल्या टीकाकारांच्या ध्यानात आले नाही.

भारतात शिळाछाप आणि टपालामुळे हे काम वाढले. १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमकडे दूरदूरहून पत्रे येत, आणि उत्तरांचे उर्दू संग्रह खंडाखंडांनी छापले गेले. संग्रहाचा क्रम पारंपरिक असतो: शुद्धी, नमाज, जकात, रोजा, हज, मग विवाह, तलाक, खरेदीविक्री आणि वारसा. संपादनात नाव-गाव गाळणे योग्यच. पण तारीख गाळली, प्रश्न आखडला, तर पुढच्या पिढीला उत्तर मिळते आणि त्याचे कारण मिळत नाही. बँक, विमा, औषधे अशा बाबींत तर साल नसलेला फतवा जवळजवळ निरुपयोगी आहे.

नव्या, गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी सामूहिक विचाराची पद्धत आली. इस्लामिक फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीच्या १९८९ मधील दिल्लीच्या पहिल्या परिसंवादात अवयवरोपण, संततिनियमन यांच्या जोडीला मुंबईकरांच्या परिचयाची पागडीही विषय म्हणून होती. आधी प्रश्नावली विद्वानांकडे जाते, आलेल्या लेखांचा गोषवारा काढला जातो, त्यावर चर्चा होते आणि मग ठराव लिहिला जातो.

भारतात फतव्याला कायद्याचे पाठबळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ रोजी हे स्पष्ट केले. तो कोणावर लादता येत नाही, आणि एखाद्या व्यक्तीच्या हक्कांविषयीचा फतवा तिऱ्हाइताच्या विचारण्यावरून देऊ नये. ज्याचे हक्क गुंतले आहेत त्याने स्वतः, किंवा तो असमर्थ असल्यास त्याच्या हिताची काळजी असलेल्या माणसाने विचारले तरच द्यावा, असेही न्यायालयाने सुचवले.