तोकाइदो ठसाचित्रांतील प्रवासी

एदो (आजचे टोकियो) ते क्योतो या सुमारे ४९० किमी. लांबीच्या तोकाइदो या राजरस्त्यावरील प्रवास दाखवणारी जपानी लाकडी ठशांची चित्रे. यांत सर्वांत गाजलेली मालिका उतागावा हिरोशिगे याची, होएइदो या प्रकाशनाची (सु. १८३३–३४). ५३ मुक्कामाची ठाणी आणि रस्त्याची दोन टोके मिळून तिच्यात ५५ चित्रे आहेत.

चित्रांतल्या गाठीभेटी रस्त्याच्या नियमांतून घडतात. माल वाहणारे हमाल आणि घोडे ठाण्याठाण्यावर बदलत. त्यासाठी प्रत्येक ठाण्याला १०० माणसे व १०० घोडे सज्ज ठेवावे लागत. फुजिएदाच्या चित्रात हीच बदली चालली आहे. ओई नदीवर पूल बांधायला मनाई होती, म्हणून शिमादा व कानाया येथे लोक हमालांच्या खांद्यावर किंवा लाकडी चौकटीवर बसून नदी ओलांडत. पाणी चढले की नदी ओलांडणे बंद आणि प्रवासी काठावर खोळंबलेले.

गोयू ठाण्याचे चित्र सर्वांत बोलके. पुढचे ठाणे आकासाका जेमतेम पावणेदोन किलोमीटरवर, त्यामुळे गिऱ्हाईक निसटू नये म्हणून पथिकाश्रमाच्या बायका वाटसरूंना अक्षरशः ओढतात. एकीने गळ्याशी बांधलेले गाठोडे असे खेचले आहे की त्या माणसाचा श्वास कोंडतो आहे. उजवीकडे दुसरा हार मानून ओट्यावर टेकला आहे. म्हातारी त्याच्या पायांसाठी पाण्याचे घमेले घेऊन आली आहे. आतल्या पाट्यांवर चित्रकार, ठसे कोरणारा जिरोबेई आणि छापणारा हेइबेई यांची नावे आहेत. कारागिरांचा असा उल्लेख क्वचितच सापडतो, म्हणून ही जागा भिंग लावून पाहावी.

शोनो ठाण्याच्या चित्रातल्या पावसात पालखीचे भोई चढाने धावतात, समोरून छत्रीवाला उतरतो. मागचे झाडांचे पट्टे बाह्यरेषेविना, राखाडीच्या उतरत्या छटांत छापले आहेत. अशी छटा आणायची तर ओल्या फडक्याने ठसा पुसून ब्रशच्या एकाच कडेला रंग घेतात आणि कागदावर मागून गोल चकतीने घासतात. पाणी जास्त झाले तर रंग पसरतो. ओलवलेला कागद मध्येच सुकला तर आकसतो. मग ठशाच्या कोपऱ्यातील खाचेत नीट बसवूनही रंग रेषेबाहेर जातो.

जुन्या प्रतीत रेषा धारदार असतात. पुढे ठशाचे चेरीचे लाकूड झिजल्यावर त्या जाड व तुटक होतात आणि वेळखाऊ छटा अनेकदा गाळल्या जातात. आधी आकाश तपासावे: तिथे सपाट रंग दिसला तर प्रत बहुधा उशिराची.